ट्रॅक्टरच्या चाकांतील हवा

ट्रॅक्टरचे इंजिन कितीही बलवान असले, तरी त्याची शक्ती जमिनीस मिळते ती चाकांच्या द्वारेच. चाकाची पकड सैल असल्यास ते जागच्या जागी फिरते. डिझेल जळते, पण नांगर पुढे सरकत नाही. ही पकड पुष्कळ अंशी टायरातील हवेच्या दाबावर अवलंबून असते.

दाब बेताचा असल्यास टायर जमिनीवर किंचित पसरतो व त्यावरील अधिक उंचवटे मातीत रुततात. ओढण्याची ताकद वाढते, आणि भार अधिक जागेवर विभागला गेल्याने वरचा थर कमी दबतो. काळ्या भारी जमिनीत हे विशेष महत्त्वाचे होय; कारण दबलेल्या थरात पाणी नीट मुरत नाही व मुळांची वाढ खुंटते. मात्र जमीन ओली असताना केवळ दाब कमी करून नुकसान टळत नाही. वापसा येईपर्यंत थांबणेच इष्ट.

हवा फाजील भरल्यास टायर मधल्या भागावरच टेकतो, ढेकळांवर उसळतो व लवकर झिजतो. उलट हवा फारच कमी झाल्यास टायरच्या बाजू चिरतात, तो रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटतो.

शेतकामासाठी मागील टायरात सामान्यतः दर चौरस इंचास १२ ते १५ पौंड दाब पुरतो. पुढील टायरात तो याहून बराच अधिक लागतो. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत पाहावा. उसाची भरलेली ट्रॉली रस्त्यावर ओढण्यापूर्वी पुस्तिकेप्रमाणे दाब वाढवावा. मऊ टायर तापतो व वळणावर डोलतो. डाव्या व उजव्या चाकांत हवा असमान असल्यास ट्रॅक्टर एका बाजूस ओढला जातो व अपघाताचा संभव वाढतो.

घसर मोजण्याची रीत सोपी आहे. मागील चाकावर खडूने खूण करावी. शेतात नांगर उचलून चाकाचे १० फेरे होऊ द्यावेत व अंतर मोजावे. नंतर नांगर लावून तेवढेच फेरे घ्यावेत. पहिले अंतर ४० मीटर व दुसरे ३४ मीटर भरल्यास घसर शेकडा १५ झाली. ती याहून अधिक असल्यास हवेचा दाब, टायरची झीज व मागील चाकांवरील वजन तपासावे.

हवा सकाळी, टायर थंड असताना, मापकाने मोजावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नांगरणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी हे प्रात्यक्षिक शेतकऱ्यांस करून दाखवावे.