टाळूचा पेच

व्याकरणाच्या तासाला वर्णांचीं उच्चारस्थानें पाठ करितांना च, छ, ज, झ, य, श हे वर्ण तालव्य होत, असें आपण सर्वजण घोकतों. परंतु ज्या टाळूवरून हें नांव पडलें ती म्हणजे आपल्याच तोंडाचें छत, आणि तिकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वाचकांनीं क्षणभर थांबून जिभेचें टोंक वरच्या पुढील दांतांच्या मागें लावावें व तेथून तें हळूहळू मागें न्यावें. मधोमध एक बारीकशी उंच रेषा लागेल. त्या रेषेआड, मांसाच्या पातळ थरापलीकडे, दोन हाडांचा एक सांधा आहे. प्रस्तुत लेख त्या सांध्याविषयीं आहे.

लेखास निमित्त असें घडलें. सातव्या इयत्तेतील एक विद्यार्थी दिवाळीच्या सुटीनंतर वर्गांत आला, तो वरच्या पुढील दोन दांतांमध्यें चांगली ठळक फट घेऊन. 'चंद्र' म्हणतांना त्याची जीभ अडखळे, 'शाळा' शब्द तर निराळाच ऐकूं येई. वर्गांत हंशा पिकला, हें सांगावयास नकोच. दोन दिवसांनीं त्याचे वडील भेटावयास आले. त्यांच्या चर्येवर काळजी स्पष्ट दिसत होती. "सर, दात सुधारायले नेलं होतं, अन् ही तर उलटी फट पडली. गावातले लोक म्हणतात, डॉक्टरनं पोराचा जबडा फाडला. आता पेच फिरवू का थांबवू?" असें त्यांनीं विचारलें. मला त्या वेळीं उत्तर देतां आलें नाहीं. पेच आपल्या मनानें थांबवूं नका, आधीं डॉक्टरांस विचारा, एवढेंच मी म्हणालों. पुढें या विषयाची जी माहिती मिळविली ती इतर पालकांसही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहें.

वरचा जबडा वरवर पाहतां एकच वाटला, तरी तो डाव्या व उजव्या अशा दोन हाडांचा बनलेला असतो, आणि हीं दोन हाडें टाळूच्या मध्यरेषेवर एकमेकांस भिडतात. तान्हेपणीं हा सांधा सरळ व सैल असतो. वय वाढतें तसतशा त्याच्या दोन्ही कडा नागमोडी होऊन एकमेकींत गुंतत जातात, व तारुण्य आल्यावर मधूनमधून हाडाचे लहान लहान पूल बांधले जाऊन सांधा पक्का होऊं लागतो. दोन तळहात नुसते एकमेकांस टेकवून दूर करून पाहावे, आणि मग बोटें घट्ट गुंफून दूर करून पाहावे; बालकाच्या व प्रौढाच्या टाळूंतील फरक ध्यानांत येईल. खालच्या जबड्याची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथील हनुवटीजवळचा सांधा मूल वर्षाचें होण्याच्या सुमारासच जुळून हाड एकसंध होतें. म्हणून पेचानें रुंद करावयाचा तो वरचा जबडाच.

पण रुंद करावयाचा तरी कां? डब्याचें झांकण जसें डब्याच्या कडेच्या किंचित् बाहेर बसतें, तशी वरच्या दांतांची कमान खालच्या दांतांच्या किंचित् बाहेर बसावी, अशी निसर्गाची योजना आहे. टाळू अरुंद राहिली कीं झांकण डब्याच्या आंत जाऊं लागतें. वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आंतल्या अंगास पडतात, व नीट चावतां यावें म्हणून मूल नकळत खालचा जबडा एका बाजूस सरकवितें. वाढत्या वयांत ही संवय तशीच राहिल्यास चेहऱ्याची वाढही एकांगी होण्याचा संभव असतो. शिवाय कमान अरुंद असल्यानें कायमच्या दांतांस जागा पुरत नाहीं, आणि ते एकमेकांवर चढून येतात. अरुंद टाळूचीं कारणें अनेक. कांहीं घराण्यांत ती आनुवंशिकच असते. बरींच वर्षें अंगठा चोखणें हें दुसरें कारण. नाकामागील गांठी वाढल्यामुळें मूल तोंडानें श्वास घेत असेल, तर जीभ टाळूस टेकत नाहीं, खालींच पडून राहते. आणि जिभेचा आधार नसलेली टाळू बहुधा उंच व अरुंद होते.

हा उपाय आजकालचा आहे, अशी आमच्यापैकीं अनेकांची समजूत असते. वस्तुतः अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहरीं इमर्सन एंजेल नांवाच्या दंतवैद्यानें १८६० सालीं एका चौदा वर्षांच्या मुलीच्या टाळूंत दोन्ही बाजूंस लांबणारा पेच बसविला, आणि तो फिरविण्यासाठीं किल्ली तिच्याच हातीं दिली. दोन आठवड्यांत तिच्या पुढील दांतांमध्यें फट पडली. त्यावरून जबड्याचीं दोन हाडें परस्परांपासून दूर झालीं, असें अनुमान त्यानें प्रसिद्ध केलें. समव्यवसायी लोकांस तें पटेना, व त्यांस तरी दोष कसा द्यावा! हाडाच्या आंत पाहण्याचें साधन तेव्हां नव्हतें. क्ष-किरणांचा शोध रंटगेन यांस १८९५ सालीं लागला. पुढें ही पद्धति बरीच मागें पडली. अँड्र्यू हास या अमेरिकन तज्ज्ञानें प्रथम डुकरांवर प्रयोग करून व मग मुलांवर उपचार करून १८६० च्या त्या कल्पनेस १९६१ मध्यें पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. एंजेलचें अनुमान बरोबर होतें, परंतु तें सर्वमान्य व्हावयास शंभर वर्षें लागलीं.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या तोंडांत काय होतें तें पाहूं. वरच्या दाढांभोंवतीं धातूचीं कडीं पक्कीं बसविलेलीं असतात, व त्यांस जोडलेला एक लहान पेच टाळूच्या मधोमध असतो. पेचाच्या छिद्रांत बारीक किल्ली घालून ती पुढून मागें, म्हणजे घशाच्या दिशेनें, ढकलली कीं पाव फेरा होतो, व पेच सुमारें पाव मिलिमीटर उघडतो. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें दिवसांतून एकदां किंवा दोनदां हें करावयाचें असतें. त्या वेळीं दांतांवर व नाकाच्या मुळाशीं दाब जाणवतो, तो बहुधा कांहीं मिनिटांत ओसरतो. दोन ते चार आठवड्यांत हवी तेवढी रुंदी मिळते, व सांधा उघडतो तसतशी पुढील दांतांत फट दिसूं लागते. जी फट पाहून आमचे पालक घाबरले, तीच पेच काम करीत असल्याची खूण होती! मुलाच्या तोंडांत कांहीं फाटत नाहीं. सांधा जेवढा उघडतो तेवढ्या जागेंत शरीर नवें हाड भरूं लागतें. हिरड्यांतील तंतूंच्या ओढीनें ते दोन दांत पुढें आपोआप जवळ येतात.

मात्र खरी कसोटी यानंतरची आहे. रुंदी मिळाल्यावर पेच फिरविणें थांबवितात, पण तो काढीत नाहींत. नवें हाड पक्कें होण्यास तीन ते सहा महिने लागतात. तोंवर पेच तेथेंच राहिला पाहिजे, नाहीं तर मिळविलेली रुंदी पुष्कळशी परत जाते. "आतां कांहीं फिरवावयाचें नाहीं, मग ही अडगळ कशाला?" असें म्हणून ती काढून घेण्याचा आग्रह कित्येक घरांतून होतो, असें ऐकतों. या महिन्यांत चिक्की, गूळ, ऊस व चिकट गोळ्या वर्ज्य कराव्या, भाकरी कालवणांत भिजवून खावी, आणि पेचाखालीं अडकलेले कण प्रत्येक जेवणानंतर चूळ भरून व ब्रशानें काढावे. उच्चार बहुधा आठवड्याभरांत सुधारतात. मोठ्यानें वाचण्याचा अभ्यास फार उपयोगी पडतो. आमच्या विद्यार्थ्यास मी 'चंद्र' व 'चांदणें' हे शब्द आळीपाळीनें म्हणावयास लाविले. पहिल्यांतील च शुद्ध तालव्य, दुसऱ्यांतील दंततालव्य. सगळा वर्गच म्हणूं लागला, आणि हंशा आपोआप थांबला.

वयाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान, मुलाची उंची झपाट्यानें वाढूं लागण्यापूर्वीं, हा उपाय सर्वांत सुलभ असतो. सोळा-सतराव्या वर्षानंतर नुसत्या पेचानें सांधा उघडेलच अशी खात्री देतां येत नाहीं. प्रौढांस कधीं हाडांत बसविलेल्या सूक्ष्म खिळ्यांची, कधीं शस्त्रक्रियेचीही गरज पडते. "कायमचे सगळे दांत येऊं द्या, मग बघूं," हें आपल्याकडचें नेहमींचें वाक्य म्हणूनच मला महाग वाटतें. रिसोड, मानोरा किंवा मंगरूळपीर तालुक्यांतील खेड्यांतून तज्ज्ञाकडे जाणें म्हणजे एक दिवसाची मजुरी व एस. टी. चें भाडें, हें मला ठाऊक आहे. नागपूर येथें १९६८ पासून व छत्रपति संभाजीनगर येथें १९८२ पासून शासकीय दंत महाविद्यालयें आहेत. अकोला व अमरावती येथेंही दंत महाविद्यालयें आहेत. २०१३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचें वैद्यकीय पथक शाळेंत येतें, तेव्हां मुलांनीं लाजून तोंड मिटून घेऊं नये. वाकडा चावा असल्यास तो त्यांस दाखवावा.

दोन गोष्टी सांगावयाच्या राहिल्या. टाळू हीच नाकाची जमीन असल्यामुळें ती रुंद झाली कीं नाकांतील वाटही कांहींशी रुंद होते. परंतु घोरणाऱ्या किंवा तोंडानें श्वास घेणाऱ्या मुलास आधीं नाक-कान-घशाच्या डॉक्टरांस दाखवावें. पेच हा श्वासाच्या सर्व विकारांवरील उपाय नव्हे. तसेंच जन्मतः दुभंगलेल्या टाळूच्या मुलांत हाच उपाय निराळ्या बेतानें, बहुधा हाडाचें कलम करण्यापूर्वीं, योजितात. तो निर्णय सर्वस्वीं तज्ज्ञांचा.

दुसरी गोष्ट किल्लीची. ती बारीक असल्यानें निसटून घशांत जाऊं शकते. तिला लांब दोरा बांधून तो फिरविणाऱ्याच्या मनगटास गुंडाळावा, व मुलास उजेडाकडे तोंड करून निजवावें. एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशीं भरपाई म्हणून दुप्पट फिरवूं नये, डॉक्टरांस विचारावें. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या आईनें दोरा म्हणून राखीचा रेशमी गोंडा बांधला होता. जूनच्या अखेरीस शाळा उघडली तेव्हां त्याच्या दांतांतील फट मिटली होती, आणि पेच निघाला होता. किल्ली मात्र त्यानें कंपासपेटींत जपून ठेविली आहे.