उसनी पात्रे आणि स्पर्धेची मर्यादा

दुसऱ्याने निर्मिलेली आवडती पात्रे घेऊन आपली कथा रचणे, ही काही नवी टूम नव्हे. महाभारतातला ययाती वि. स. खांडेकरांनी १९५९ साली कादंबरीतून नव्याने उभा केला, आणि तिला पुढे ज्ञानपीठ पुरस्कार लाभला.

अशा कथांची स्पर्धा अंकुशनगरात भरवावयाची झाल्यास मर्यादा घालाव्याच लागतील. परंतु मर्यादा दोन प्रकारच्या असतात. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसू लागला, आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. ही मर्यादा अर्थावर होती. दुसरी मर्यादा वाचकाच्या वयाची. चित्रपटांच्या प्रमाणपत्रांत २०२४ पासून ७, १३ व १६ वर्षे असे वयाचे टप्पे आले, ते याच विचाराने.

म्हणून शाळकरी मुलेही कथा वाचणार असतील, तर हिंसा व शृंगार कोठवर चालेल हे आपण आधीच छापून सांगावे. निकालाच्या दिवशी नव्हे. कीचकाचा अपराध झाकून द्रौपदीची कथा सांगता येत नाही. अपराध सांगावा, त्याचे चवीने केलेले वर्णन वगळावे. कथा कोणाला बोचते, यावर मात्र आपण नियम करू नये.