घोणसच्या विषातलं निवडक प्रथिन

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात रात्री दारं धरायला जाणाऱ्या माणसाला खरी धास्ती असते ती घोणसची. पाचटाच्या रंगात ती दिसतच नाही. दंश झालेला माणूस दवाखान्यात आला की स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत त्याचं थोडं रक्त घेतात, 20 मिनिटं नळीला हात लावत नाहीत आणि मग ती तिरकी करतात. रक्त पातळच वाहिलं, तर विष भिनलेलं आहे. रक्त गोठवणारी प्रथिनं हे विष भराभर वापरून संपवतं, हे बहुतेकांना ऐकून तरी माहीत असतं. याच विषात रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या घटकाचाही एक भाऊबंद आहे, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

तो मूळ घटक म्हणजे व्हीईजीएफ. तो आपल्याच शरीरात तयार होतो. ऊतींना प्राणवायू कमी पडला की पेशी तो सोडतात, आणि शेजारच्या रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी वाढू लागतात. 1983 मध्ये अमेरिकेत ड्वोरॅक आणि सहकाऱ्यांना तो सापडला तो मात्र वाहिन्या पाझरवणारा पदार्थ म्हणून. वाढवणं आणि पाझरवणं ही दोन्ही कामं त्याचीच.

आता तो पेशीला निरोप कसा देतो ते पाहू. व्हीईजीएफ म्हणजे उलटसुलट जोडलेल्या दोन सारख्या साखळ्या. या जोडीच्या दोन्ही टोकांना साखळ्यांचे काही वळसे एकत्र येऊन एकेक बसकी जागा तयार होते. पेशीच्या पृष्ठभागावर ग्राहक प्रथिनं असतात. त्यांच्या बाहेरच्या भागात सात घड्या असतात, आणि व्हीईजीएफ मुख्यतः दुसऱ्या व तिसऱ्या घडीला चिकटतो. एका टोकाला एक ग्राहक, दुसऱ्या टोकाला दुसरा. दोघे असे जवळ ओढले गेले की पेशीच्या आतली त्यांची शेपटं एकमेकांवर फॉस्फेट चढवतात. तिथून पुढे वाढीचा निरोप आत जातो.

मानवी व्हीईजीएफ-ए हा घटक दोन ग्राहकांना धरतो. ग्राहक-2 निरोप जोरात पोचवतो. ग्राहक-1 त्याला कितीतरी घट्ट पकडतो, पण पुढे निरोप देतो तो अगदी क्षीण. नीरा डाव्या कालव्याच्या टेलला जमीन असलेल्या इंदापूरच्या शेतकऱ्याला हे लगेच उमगेल: वरच्या अंगाला पाणी उचललं गेलं की खाली पोचतं ते उरलेलंच. ग्राहक-1 ची ही उचल शरीराच्या हिताची आहे. वाढीला लगाम लागतो तो तिच्यामुळेच.

जपानमधल्या यामाझाकी, मोरिता आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दोन सापांच्या विषांतून व्हीईजीएफसारखी प्रथिनं वेगळी केली. त्यातलं घोणसचं ते व्हीआर-1. ते ग्राहक-2 ला मानवी घटकाइतकंच घट्ट धरतं आणि ग्राहक-1 कडे ढुंकूनही पाहत नाही. वरची उचलच टळली! प्रयोगशाळेत अस्तराच्या पेशींची वाढ या सर्पप्रथिनांनी मानवी घटकाच्या जवळपास दुप्पट केली आणि उंदरांचा रक्तदाबही जास्त खाली आणला.

ही निवड येते कुठून? 2005 मध्ये या प्रथिनांचे स्फटिक करून क्ष-किरणांनी त्यांची रचना पाहिली, तेव्हा सांगाडा मानवी घटकासारखाच निघाला. फरक होता तो ग्राहकाला टेकणाऱ्या वळशांच्या ठेवणीत आणि तिथल्या पृष्ठभागावरच्या विद्युतभारात. संपूर्ण प्रथिनाच्या मानाने हा बदल लहानच. मला या सगळ्यात थक्क करतं ते हेच: एवढ्याशा बदलाने एक ग्राहक पूर्ण वगळला जातो आणि दुसऱ्यावरची पकड जराही सैल होत नाही.

वाहिन्या पाझरू लागल्या की विषातल्या इतर घटकांना ऊतींत पसरायला वाट मिळते. सापाला या प्रथिनाचा उपयोग तोच असावा, असं अभ्यासक मानतात. सूज, पाझर, रक्तस्राव असं बरंच काही एकाच दंशात होतं आणि त्यामागे अनेक प्रथिनं असतात. म्हणून जखम कापणं, चोखणं किंवा वर करकचून बांधणं यांतलं काहीही करू नये. अंग हलू न देता माणसाला प्रतिविष असलेल्या दवाखान्यात तातडीने न्यावं.

संशोधकांना हे प्रथिन वेगळ्याच कारणाने मोलाचं वाटतं. दोन ग्राहकांपैकी कोणतं काम कोणाचं हे मानवी घटक वापरून सांगणं अवघड, कारण तो दोघांनाही धरतो. सर्पप्रथिन पेशींवर सोडलं, तर जे घडतं ते ग्राहक-2 मुळेच, असं म्हणता येतं.