टायरचे वय

वाराणसीहून निघणारा जुना राजमार्ग रीवा, जबलपूर ही गावे घेत नागपुरास येतो आणि पुढे थेट कन्याकुमारी गाठतो. २०१० मध्ये क्रमांक बदलेपर्यंत तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ या नावाने ओळखला जाई. या वाटेवर मालमोटारी आहेत, तशाच काशीयात्रेच्या मोटारगाड्याही आहेत. ज्येष्ठातील उन्हात येथील डांबरी पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो. अशा वेळी प्रवाशांचे प्राण टायरवर अवलंबून असतात. त्या टायरची परीक्षा मात्र बहुधा नक्षीची खोली पाहूनच केली जाते. ती पुरेशी आहे काय?

रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. गंधकासह तापविल्यास त्या एकमेकींस जोडल्या जातात व रबर चिवट बनते, हे चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये शोधून काढले. परंतु हवेतील ऑक्सिजन या रचनेत सतत ढवळाढवळ करीत असतो. काही साखळ्या तुटतात, काही ठिकाणी नको तितके नवे बंध निर्माण होतात आणि रबर कडक व ठिसूळ होते. उष्णतेने ही क्रिया अधिक वेगाने घडते. ओझोन वायूमुळे टायरच्या बाजूस बारीक भेगा पडतात. याहून घातक म्हणजे, आत भरलेल्या दाबाच्या हवेतील ऑक्सिजन रबरातून झिरपत पोलादी तारांच्या पट्ट्यांपर्यंत पोहोचतो. तेथील पकड सैल झाली, तरी बाहेरून काहीच दिसत नाही. मग एखाद्या दिवशी भरधाव वेगात वरचा थर सुटून येतो.

रोज धावणाऱ्या मालमोटारीचे टायर म्हातारे होण्यापूर्वीच झिजतात. यात्रेचा हंगाम सरल्यावर महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीचे तसे नाही. टायर फिरताना लवतो, तेव्हा रबरातील संरक्षक मेण पृष्ठभागावर येते. उभ्या टायरला हा लाभ नाही. स्टेपनीची गतही तीच. नक्षी कोरी, पण देह जीर्ण!

सप्टेंबर २०१२ मध्ये इंग्लंडमधील सरे परगण्यात एका बसचा पुढचा टायर फुटून तीन जण दगावले. तो टायर १९ वर्षांहून अधिक जुना, म्हणजे बसपेक्षाही वयाने मोठा होता. पुढे ब्रिटनने १ फेब्रुवारी २०२१ पासून मालमोटारी व बस यांच्या पुढच्या आसावर १० वर्षांहून जुने टायर वापरण्यास बंदी केली. पुढच्या आसावर दोन्ही बाजूंस एकेकच चाक असते. ते निकामी झाले की सुकाणूच हातचे जाते.

टायरचे वय ओळखणे अवघड नाही. २००० सालापासून टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष दर्शवितात. '२३१९' म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. हे आकडे कधी आतील बाजूस असतात. तेव्हा वाकून पाहावे लागते. यात्रेस निघण्यापूर्वी गाडीच्या सर्व चाकांचे, आणि स्टेपनीचेही, हे आकडे अवश्य वाचावेत. पुढच्या चाकांपासून प्रारंभ करावा.