वासराच्या पोटातलं विरजण

डेअरीला दूध घातलं की हातात पैसा येतो, म्हणून वासराच्या वाट्याचं दूध कमी करायचा मोह होतो. मग घरचं सोयाबीन भाजून, दळून त्याची पातळ पेज वासराला पाजली जाते. पण दोन-तीन आठवड्यांच्या वासराला ती बऱ्याचदा सोसत नाही. हगवण लागते, वासरू अंग धरत नाही. कालवड असली तर उद्याची गायच हातची जाते.

मोठ्या गाईच्या कोठीपोटात कोट्यवधी जंतू असतात. ते सोयाबीनचं प्रोटीन आधी फोडतात. लहान वासराचं कोठीपोट तयार झालेलं नसतं. पातळ पाजलेलं ते ओलांडून थेट चौथ्या कप्प्यात जातं. तिथून सोयाबीनची काही प्रोटीनं न पचताच आतड्यात उतरतात आणि वासराचं शरीर त्यांना शत्रू समजतं. काही माणसांना शेंगदाणा सोसत नाही, तसाच हा प्रकार. आतड्याच्या आतली बारीक लव झडते, मग दूधही नीट अंगी लागत नाही. भाजल्याने कच्च्या सोयाबीनचा पचन अडवणारा दोष बराच कमी होतो, पण ॲलर्जी आणणारी प्रोटीनं घरच्या भाजण्याने जात नाहीत. म्हणून पहिले दोन महिने तरी सोयाबीनची पेज नकोच.

आता जंतूंकडे येऊ. दुधात विरजण आधी लागलं तर दही चांगलं होतं, नाहीतर दूध नासतं. आतड्याचंही तसंच आहे. जन्मताना तिथे जंतू जवळजवळ नसतात. चांगल्यांनी आधी जागा धरली तर वाईटांना थारा मिळत नाही, आणि कोणतं अन्न आपलं मानायचं हे शिकायला आतड्याला मदत होते. या चांगल्या जंतूंच्या खाऊला प्रीबायोटिक म्हणतात. गाईच्या चिकात असा खाऊ आयताच असतो. शिवाय रोगाशी लढणारी तत्त्वंही असतात. मात्र ती आतड्यातून रक्तात जाण्याची वाट साधारण 24 तासांत बंद होते.

म्हणून वार पडायची वाट बघू नका. पंचवीस किलोच्या वासराला पहिल्या दिवशी किमान अडीच लिटर चीक हवा, आणि पहिला भाग जन्मल्यावर एक-दोन तासांत पोटात जायला हवा. खरवस आम्हालाही आवडतो. वासराचं भागल्यावर उरेल त्याचा करावा.

बाजारात प्रीबायोटिकच्या पुड्याही मिळतात. त्यांचा थोडा उपयोग होतो, पण चिकाची जागा त्या घेत नाहीत. कांद्या-लसणातही प्रीबायोटिक असतं हे खरं, पण म्हणून जनावराला कांदा चारू नका. जास्त कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

हगवण लागलीच तर सोयाबीन लगेच थांबवा, दूध तोडू नका. दोन वेळच्या दुधाच्या मध्ये मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजा. डोळे खोल गेले, कान गार पडले, शेणात रक्त दिसलं किंवा वासरू उठेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची गोळी मनाने देऊ नका; तिने चांगले जंतूही मरतात.