वीतभर खालचा थर

भिवंडीत कामतघरला वऱ्हाळा तलावाच्या काठाने चाललं की कानावर यंत्रमागांची खडखड येते. भाताची खाचरं बघायची तर भिवंडी शहर ओलांडून तालुक्यातल्या गावांत जावं लागतं. तिथेही ती गोदामांच्या भिंतींना टेकूनच उरली आहेत. अशा एखाद्या खाचरात कापणीनंतर, जमिनीला वापसा असताना, बोटाएवढी जाड लोखंडी सळई हाताने दाबून बघा. वीतभर ती लोण्यात शिरावी तशी जाते. मग थबकते. दगड लागला असं वाटतं, पण दगड नसतो. अंगाचा भार टाकला की चार-पाच बोटं कुरकुरत उतरते आणि एकदम पुन्हा सैल पडते. मधला तो कुरकुरणारा भाग म्हणजे घट्ट थर.

भातवाल्याने तो मुद्दाम तयार केलेला असतो. चिखलणी म्हणजे दुसरं काय? भर पाण्यात नांगर फिरवायचा, मातीचे कण मोडायचे, बारीक गाळ खालच्या छिद्रांत बसू द्यायचा. वरून बैलांचे खूर, आता ट्रॅक्टरची लोखंडी जाळीची चाकं. असं पिढ्यान्‌पिढ्या झालं की खाचराला जणू बूड येतं आणि पाणी बांधाच्या आत उभं राहतं. हे बूड नसतं तर पावसाने चार दिवस दडी मारली की आवण पिवळं पडलं असतं. कोकणात पावसाने उघडीप दिली तरी भात टिकतो त्यात या थराचा वाटा मोठा आहे.

घाट चढून गेलं की हाच थर रोग ठरतो. उसाच्या पट्ट्यात पलटी नांगर वर्षानुवर्षं त्याच खोलीवर चालतो आणि ट्रॅक्टरचं एक चाक तासातूनच जातं, त्यामुळे फाळाखालची माती दरवर्षी थोडी थोडी दाबली जाते. तोडणीच्या वेळी ओल्या रानात भरलेल्या ट्रॉल्या शिरतात, त्यांचा भार आणखी खाली पोचतो. वर रोटाव्हेटरने माती रव्यासारखी दिसते, मालक खूश असतो. खाली मात्र मूळ अडलेलं असतं. चौरस सेंटीमीटरला साधारण 20 किलोचा विरोध झाला की बहुतेक पिकांची मुळं पुढे सरकत नाहीत. अशा रानातलं तुरीचं झाड उपटून बघा. सोटमूळ सरळ जायचं सोडून कोपरासारखं आडवं वळलेलं असतं. मोठ्या पावसात पाणी साचतं आणि ओढ बसली की तेच पीक आधी माना टाकतं.

हा थर फोडायचं अवजार म्हणजे सबसॉयलर. दिसायला अगदी साधं: ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी जोडलेली चौकट, तिच्यात उभा जाड पोलादी दाता, त्याच्या टोकाला पुढे झुकलेला फाळ. नांगरासारखी माती तो उलथत नाही. दीड ते दोन फूट खाली घुसून, खालची माती खालीच ठेवून, थर उचलतो आणि तडकवतो. मागे चालणाऱ्याला जमीन क्षणभर फुगल्यासारखी होऊन बसताना दिसते. त्यासाठी इंजिन 45-50 अश्वशक्तीच्या पुढचं लागतं, आणि कडक रानात एवढ्या ताकदीलाही एकाच दात्याने घाम फुटतो. दोन ओळींमध्ये साधारण एक ते दीड मीटर अंतर ठेवतात. मुळी अडकली, खडक लागला तर दाता वाचावा म्हणून एक बोल्ट मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो, तो तुटतो. जाणता चालक असे चार बोल्ट खिशातच बाळगतो.

सगळा खेळ मात्र ओलीचा आहे. माती कोरडी, ठिसूळ असेल तरच तडकते. ओल्या मातीत हाच दाता लोण्यातून सुरी फिरावी तशी चीर पाडतो, चिरेच्या कडा गुळगुळीत लिंपतो आणि डिझेल जाळून आपण नवाच थर करून ठेवतो. खोलीचंही तसंच. प्रत्येक दात्याला एक हद्द असते, तिच्याखाली गेला की माती वर उचलायचं सोडून तो ती बाजूला दाबू लागतो. म्हणून थराच्या जेमतेम खाली जावं. ‘जेवढं खोल तेवढं चांगलं’ हा बांधावरच्या गप्पांतला मोठेपणा आहे.

ही युक्ती नवी नाही. स्कॉटलंडमध्ये डीन्स्टनच्या जेम्स स्मिथने 1831 मध्ये जमिनीचा निचरा आणि खोल नांगरट यांवर पुस्तिका काढली. त्याचा खोल नांगर घोडे ओढत. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. आता उलटी तऱ्हा. शेजाऱ्याने मारला म्हणून आपणही सबसॉयलर मारायचा, तोही दरवर्षी. खरं तर एकदा नीट मारला की तीन-चार वर्षं बघावं लागू नये. मारल्यावर त्याच रानात ओल असताना ट्रॉली घातली तर पैसे मातीत गेले म्हणून समजा. फुटलेली माती पहिल्यापेक्षा लवकर दबते. भारी काळ्या रानाला तर उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, निम्मं काम ऊनच करतं. उरलेलं ताग, धैंचा, तूर यांच्या मुळांवर सोडता येतं.

मग भिवंडीच्या खाचरांचं काय? माझं मत स्पष्ट आहे: भातच घ्यायचं असेल तर तिथे सबसॉयलर घालू नये, बूड फुटेल. भातामागे वाल घेणाऱ्याची अडचण खरी आहे. ओल थराखाली असते आणि वालाचं मूळ वरच अडतं. त्याला दुसरी वाट जवळच सापडेल. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र उभं केलं. त्यात कायमचे गादीवाफे असतात, चिखलणी नाही, लावणीही नाही. आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजतात आणि त्यांच्या पोकळ्यांतून हवा-पाणी खेळतं. तणनाशकावर भिस्त ठेवावी लागते, ही त्यातली मला खटकणारी बाजू.

गोदामासाठी मुरूम टाकून रोलर फिरवलेलं खाचर मात्र या हिशेबातून उठलंच. मूळ माती त्या भरावाच्या तळाशी गाडलेली असते, आणि दोन फुटांचा दाता तिच्यापर्यंत पोचतही नाही.

बाकीच्यांनी ट्रॅक्टरवाल्याला फोन करण्याआधी रानात तीन ठिकाणी दोन-दोन फुटांचे खड्डे घ्यावेत आणि मुळं कुठे वळली आहेत ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. ती सरळ खाली गेली असतील तर फोन करूच नये.