खारवट व चोपण जमिनी

खारवट व चोपण जमिनी : ज्या जमिनीत पाण्यात विरघळणारी लवणे पिकांच्या वाढीस बाधक ठरतील इतक्या प्रमाणात साचलेली असतात, तिला खारवट जमीन म्हणतात. ज्या जमिनीतील चिकणमातीच्या कणांवर सोडियमाच्या आयनांचे (विद्युत् भारित अणूंचे) प्रमाण मर्यादेपलीकडे गेलेले असते, ती चोपण जमीन होय. व्यवहारात हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थी योजले जातात व दोन्ही प्रकारांना मिळून ‘क्षारपड जमीन’ असेही म्हणतात. तथापि दोहोंतील दोष भिन्न असल्याने त्यांवरील उपायही भिन्न आहेत. एकीचा उपाय दुसरीवर केल्यास खर्च वाया जातो आणि काही वेळा जमीन अधिकच बिघडते. यासाठी माती-परीक्षणाच्या अहवालात येणाऱ्या संज्ञांचा नेमका अर्थ समजून घेणे आवश्यक असते.

संज्ञा व त्यांचा अर्थ : ‘क्षार’ या शब्दापासूनच घोटाळ्यास सुरुवात होते. रसायनशास्त्रात दाहक सोड्यासारख्या पदार्थांना क्षार म्हणतात, तर अम्ल व क्षारक यांच्या विक्रियेने बनणाऱ्या संयुगांना लवणे म्हणतात. शेतकऱ्यांच्या बोलीत मात्र ‘क्षार’ म्हणजे जमिनीतील कोणतीही लवणे. सोडियम, कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची क्लोराइडे आणि सल्फेटे ही त्यांपैकी प्रमुख असून खाण्याचे मीठ हे त्यांतील केवळ एक होय.

विद्युत् संवाहकता : शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, विरघळलेली लवणे जितकी अधिक तितकी ती सुलभपणे वाहते. त्यामुळे संवाहकतेवरून लवणांचे प्रमाण कळते. ती डेसिसीमेन्स प्रतिमीटर या एककात देतात. जुन्या ग्रंथांतील मिलिम्हो प्रतिसेंमी. या एककातील आकडा तोच असतो. मात्र मापनाची रीत पाहणे अगत्याचे आहे. संपृक्त मातीतून काढलेल्या अर्काची संवाहकता ४ पेक्षा अधिक असल्यास जमीन खारवट मानतात. अनेक प्रयोगशाळांत एक भाग मातीत अडीच भाग पाणी मिसळून मापन करतात. या रीतीत द्रावण विरल झाल्याने आकडा बराच कमी येतो व त्याला ४ ही मर्यादा लावता येत नाही.

पीएच मूल्य (सामू) : द्रावणाची अम्लता वा क्षारता दर्शविणारे हे मूल्य डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सरेन्सन यांनी १९०९ मध्ये प्रचारात आणले. ७ हे मूल्य उदासीन असते. त्याखाली अम्लता व त्यावर क्षारता वाढत जाते. हे मान लॉगरिथमीय असल्याने मूल्य ८ वरून ९ झाले, तर क्षारता दसपट होते.

विनिमयक्षम सोडियमाचे प्रमाण : चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युत् भार असतो व त्यामुळे कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम इत्यादींचे धन आयन त्यांच्या पृष्ठभागाशी धरून ठेवले जातात. त्यांची द्रावणातील आयनांशी अदलाबदल होऊ शकते. धरलेल्या एकूण आयनांत सोडियमाचा वाटा शेकडा किती, हे या संज्ञेने कळते. हा वाटा १५ टक्क्यांपेक्षा अधिक झाल्यास जमीन चोपण मानतात. काळ्या भारी जमिनींत याहून बऱ्याच कमी प्रमाणातही दोष दिसू लागतो.

वर्गीकरण : अमेरिकेतील रिव्हरसाइड येथील लवणता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेले वर्गीकरण सर्वत्र रूढ झाले. त्यानुसार संवाहकता ४ पेक्षा अधिक, सोडियम १५ टक्क्यांहून कमी व पीएच मूल्य सामान्यतः ८.५ पेक्षा कमी असल्यास जमीन खारवट. संवाहकता ४ पेक्षा कमी, सोडियम १५ टक्क्यांहून अधिक व पीएच मूल्य बहुधा ८.५ ते १० असल्यास चोपण. आणि संवाहकता व सोडियम दोन्ही अधिक असल्यास खारवट-चोपण समजतात.

लक्षणे व परिणाम : खारवट जमिनीवर कोरड्या ऋतूत लवणांचा पांढरा थर फुलतो. तिची घडण बहुधा चांगली असते; परंतु मृद्-द्रावणाचा तर्षण दाब वाढल्याने मुळांना पाणी शोषता येत नाही आणि ओल असूनही पीक तहानलेले राहते. चोपण जमिनीत सोडियममुळे मातीचे कण एकमेकांपासून विलग होऊन छिद्रे बुजवितात. अशी जमीन ओली असता चिकट व निसरडी होते, वाळल्यावर दगडासारखी कठीण बनते. पाणी मुरत नाही व वाफसा लवकर येत नाही. जेथे सोडियम कार्बोनेट असते तेथे सेंद्रिय पदार्थ विरघळून पृष्ठभागावर काळसर डाग दिसतात.

कारणे : कोणत्याही नदीच्या वा विहिरीच्या पाण्यात काही लवणे असतातच. पाण्यात लिटरमागे ५०० मिग्रॅ. लवणे आहेत व उसाला वर्षाला २०० सेंमी. पाणी दिले, असे धरल्यास हेक्टरी २०,००० घ. मी. पाण्याबरोबर १० टन लवणे शेतात येतात. पीक व सूर्य पाणी घेऊन जातात. लवणे मागे राहतात. निचरा चांगला असेल, तर पावसाने ती खाली धुऊन जातात. निचरा नसेल, तर भूजलाची पातळी वर येते, केशाकर्षणाने पाणी पृष्ठभागापर्यंत चढते आणि बाष्पीभवनानंतर लवणे तेथेच साचतात. लवणांबाबत पिकांची सहनशक्ती सारखी नसते. बार्लीचे उत्पादन संवाहकता सु. ८ पर्यंत, कापसाचे सु. ७.७ पर्यंत व गव्हाचे सु. ६ पर्यंत घटत नाही; उसाचे मात्र १.७ च्या पुढे घटू लागते. ज्या पिकाला भरपूर पाणी दिल्याने जमीन खारवट होते, तेच पीक खारवटपणाला प्रथम बळी पडते.

सुधारणा : खारवट जमिनीत प्रथम चर खणून किंवा जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून निचऱ्याची सोय करतात व नंतर चांगल्या पाण्याने लवणे धुऊन काढतात. ३० सेंमी. जाडीच्या थरातून ३० सेंमी. पाणी झिरपल्यास स्थूलमानाने ८० टक्के लवणे निघून जातात. वाहून जाण्यास वाट नसताना पाणी भरणे म्हणजे भूजल आणखी वर आणणे होय.

चोपण जमीन केवळ धुऊन सुधारत नाही. कणांवरील सोडियम हुसकावण्यासाठी कॅल्शियम पुरवावे लागते व त्यासाठी जिप्सम (सजल कॅल्शियम सल्फेट) हा सर्वांत स्वस्त पदार्थ होय. त्यातील कॅल्शियम सोडियमाची जागा घेते व बनलेले सोडियम सल्फेट पाण्याबरोबर निचरून जाते. दर १०० ग्रॅ. मातीमागे एक मिलितुल्य सोडियम काढण्यासाठी एक किग्रॅ. मातीस ०.८६ ग्रॅ. शुद्ध जिप्सम लागते. म्हणजे १५ सेंमी. जाडीच्या थरासाठी हेक्टरी सु. १.९ टन. प्रत्यक्ष मात्रा परीक्षणावरूनच ठरवितात. एक लिटर पाण्यात जिप्सम सु. २.४ ग्रॅ. इतकेच विरघळत असल्याने ते बारीक करून वरच्या थरात मिसळावे व नंतर पाणी द्यावे लागते. जमिनीत चुनखडी असल्यास गंधकही चालते : जंतूंच्या क्रियेने त्याचे सल्फ्यूरिक अम्ल होते व चुनखडीशी विक्रिया होऊन जिप्सम जमिनीतच तयार होते. एक टन जिप्समाऐवजी सु. १८६ किग्रॅ. गंधक पुरते. ताग किंवा ढैंचा यांचे हिरवे खत व शेणखत यांनी घडण सुधारण्यास मदत होते.

खारवट-चोपण जमिनीत उपायांचा क्रम फार महत्त्वाचा ठरतो. तेथील लवणांमुळेच मातीचे कण एकत्र राहिलेले असतात. जिप्सम न देता ती लवणे धुतल्यास कण विलग होतात आणि आधी पाणी मुरत असलेली जमीन पूर्णपणे चोपण बनते. उलट, निव्वळ खारवट जमिनीत जिप्सम टाकणे हा निरर्थक खर्च होय.

महाराष्ट्र व गोवा : भारतात सु. ६७ लाख हेक्टर जमीन लवणबाधित असल्याचा अंदाज असून या विषयावरील संशोधनासाठी १९६९ मध्ये कर्नाल येथे केंद्रीय संस्था स्थापन झाली. महाराष्ट्रात या प्रश्नाची जाणीव प्रथम नीरा खोऱ्यात तीव्रतेने झाली. कालव्याचे पाणी आल्यावर काही दशकांतच तेथील जमिनी बिघडू लागल्या व हॅरल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी त्यांचा अभ्यास १९१० मध्ये प्रसिद्ध केला. पुढे सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत नदीकाठच्या बागायती काळ्या जमिनींतही हाच अनुभव आला. विदर्भातील पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यात मात्र भूजल व जमीन मुळातच लवणयुक्त असून तेथे सिंचनाच्या पाण्याची निवडच निर्णायक ठरते.

कोकणातील खार जमिनी व गोव्यातील खाजणे यांचे कारण सागरी भरती हे आहे. बांध घालून व उघाड्यांतून ओहोटीच्या वेळी पाणी बाहेर सोडून तेथे पावसाळ्यात भात घेतात. मुसळधार पाऊसच लवणे धुण्याचे काम करतो. बांध फुटल्यास एका भरतीत पुष्कळ वर्षांची मेहनत नष्ट होते. अशा बांधांच्या रक्षणासाठी महाराष्ट्रात १९७९ मध्ये खार जमीन विकास अधिनियम करण्यात आला.

बिघडलेली जमीन सुधारण्यास अनेक वर्षे लागतात आणि निचऱ्याचे काम एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातील नसते, कारण एकाच्या शेतातील पाणी दुसऱ्याच्या शेतातून ओढ्यापर्यंत न्यावे लागते. त्यामुळे सिंचन योजनेबरोबरच निचऱ्याची आखणी करणे, पिकाच्या गरजेपुरतेच पाणी देणे व मातीची वेळोवेळी परीक्षा करणे हेच सर्वांत कमी खर्चाचे उपाय ठरतात.